जूनमध्ये १७.७ टक्क्यांची घट, जुलैमध्ये २२.५ टक्क्यांची वाढ : टीएसएमसीचे मासिक आकडे कसे वाचावेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीचा महसूल एप्रिल २०२५ मध्ये आधीच्या महिन्यापेक्षा २२.२ टक्क्यांनी वाढला, मे महिन्यात ८.३ टक्क्यांनी आणि जूनमध्ये आणखी १७.७ टक्क्यांनी घटला, आणि जुलैमध्ये पुन्हा २२.५ टक्क्यांनी वर गेला. एवढे हेलकावे खाणारा धंदा अस्थिर मानावा का, आणि जूनचा आकडा आला तेव्हाच एआय चिपची मागणी ओसरू लागली असे समजून शेअर विकायला हवे होते का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

दोन्ही प्रश्नांचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. जूनच्या ज्या आकड्याने आपण धास्तावलात, तो नीट हिशेब केला तर कंपनीने स्वतः दिलेल्या अंदाजापेक्षा सरस होता. मी बरीच वर्षे दर महिन्याच्या १० तारखेला हे आकडे वहीत मांडत आलो आहे, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक चुका एकाच कारणाने होतात : महिना हे मोजमापाचे एकक आहे असे वाचणारा गृहीत धरतो. या धंद्याचे खरे एकक तिमाही आहे, आणि तीही अमेरिकी डॉलरमधली. मासिक आकडा हा त्या तिमाहीतला एक तुकडा असतो आणि तो उरलेल्या दोन तुकड्यांशेजारी ठेवूनच वाचावा लागतो.

मुळात हा आकडा मासिक का येतो, हे आधी स्पष्ट करतो. तैवानच्या रोखे कायद्यानुसार तिथल्या प्रत्येक सूचीबद्ध कंपनीला मागील महिन्याचा महसूल पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत जाहीर करावा लागतो. इंटेल, मायक्रॉन किंवा सॅमसंग यांच्याबाबतीत अशी सक्ती नाही, त्यामुळे त्यांचे हेलकावे तिमाहीच्या पोटात दडून राहतात आणि टीएसएमसीचे उघडे पडतात. म्हणजे टीएसएमसीचा धंदा त्यांच्यापेक्षा अधिक चंचल आहे असे नसून, आपण तो अधिक बारीक पट्टीने मोजत आहोत. शिवाय हा आकडा लेखापरीक्षण न झालेला असतो, तो केवळ एकूण महसुलाचा असतो, आणि कोणत्या ग्राहकाला किती माल गेला किंवा ३ नॅनोमीटर या प्रगत प्रक्रियेच्या चिपचा वाटा किती होता, याचा त्यात पत्ता नसतो. ती माहिती फक्त तिमाही निकालात मिळते.

आपल्याकडच्या वाचकाला याचे जवळचे उदाहरण वाहन कंपन्यांचे आहे. दर महिन्याच्या १ तारखेला पुण्या-मुंबईच्या वाहन कंपन्या विक्रीचे आकडे देतात, पण ते बहुधा कारखान्यातून वितरकाकडे गेलेल्या गाड्यांचे असतात, ग्राहकाच्या दारात उभ्या राहिलेल्या गाड्यांचे नसतात. दिवाळी एका वर्षी ऑक्टोबरात आणि दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात आली, तर दोन ऑक्टोबरांची तुलना फसवी ठरते हे मुरलेल्या गुंतवणूकदाराला माहीत असते. टीएसएमसीच्या आकड्यालाही हीच सावधगिरी लागते, फक्त इथे पाठवणीच्या मागे उत्पादनाची फार लांब साखळी उभी आहे.

आधुनिक प्रक्रियेतला एक वेफर, म्हणजे जिच्यावर चिप घडवतात ती सिलिकॉनची चकती, फॅबमध्ये म्हणजे चिपच्या कारखान्यात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत शेकडो टप्पे पार करतो आणि त्याला साधारण तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. जूनमध्ये ज्या वेफरचा महसूल नोंदला गेला, तो वेफर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास यंत्रात चढलेला होता, आणि त्याची ऑर्डर त्याच्याही आधीची होती. तेव्हा जूनचा महसूल हा जूनमधल्या मागणीचा कौल असूच शकत नाही. जूनमध्ये एखाद्या बड्या ग्राहकाने हात आखडता घेतला असता, तरी त्याचा ठसा मुख्यतः सप्टेंबरच्या आसपास दिसला असता. माल ग्राहकाने सांगितलेल्या ठिकाणी पोहोचून त्याचा ताबा ग्राहकाकडे गेला की महसूल नोंदला जातो, त्यामुळे पाठवणी महिन्याच्या ३० तारखेला झाली की पुढच्या महिन्याच्या २ तारखेला, एवढ्यावर आकडा हलतो.

तो किती हलतो, याचा एक हिशेब मांडतो. २०२३ मध्ये टीएसएमसीच्या एकूण महसुलात सर्वांत मोठ्या एकट्या ग्राहकाचा वाटा २५ टक्के होता. समजा, अशा ग्राहकाची केवळ एका आठवड्याची पाठवणी महिन्याच्या अखेरीस सरकून पुढच्या महिन्यात गेली. पहिल्या महिन्यातून सुमारे ६ टक्के महसूल निघून जाईल आणि तेवढाच दुसऱ्या महिन्यात भरला जाईल, म्हणजे दोन महिन्यांच्या आकड्यांमध्ये जवळपास १२ टक्क्यांची दरी पडेल. मागणीत तसूभरही बदल झालेला नसेल आणि मथळे मात्र दोन अंकी घसरणीचे आणि नंतर दोन अंकी उसळीचे येतील.

दुसरा भाग दिवसांच्या संख्येचा आहे आणि तो फार सोपा असूनही सतत विसरला जातो. जानेवारी २०२५ चा महसूल २९३.२९ अब्ज तैवानी डॉलर होता आणि फेब्रुवारीचा २६०.०१ अब्ज, म्हणजे ११.३ टक्क्यांची घट. दिवसांनी भागा : जानेवारीत रोजचे ९.४६ अब्ज, फेब्रुवारीत ९.२९ अब्ज, मार्चमध्ये ९.२२ अब्ज. जी घट डोळ्यांत भरत होती, ती रोजच्या सरासरीत दोन टक्क्यांहूनही कमी उरली, आणि संपूर्ण तिमाही जवळजवळ सपाट दिसू लागली. मात्र हा उपाय प्रत्येक वेळी लागू पडतो असे मानू नये. २०२४ मध्ये जानेवारीचे २१५.७९ अब्ज फेब्रुवारीत १८१.६५ अब्जांवर आले, आणि लीप वर्षाचे २९ दिवस धरूनही रोजच्या सरासरीत सुमारे १० टक्क्यांची घट उरते.

इथे चिनी नववर्षाच्या सुट्ट्यांचे कारण पुष्कळदा पुढे केले जाते, पण ते जपून वापरावे असे माझे मत आहे. फोन आणि संगणक जोडणाऱ्या कारखान्यांत सुट्टीचा परिणाम मोठा असतो, कारण तिथले काम माणसांच्या हातांवर चालते. टीएसएमसीचे फॅब मात्र नववर्षातही रात्रंदिवस चालू असतात. २०२३ मध्ये नववर्ष २२ जानेवारीला होते, तरीही त्या तिमाहीत जानेवारीचा महसूल २००.०५ अब्ज, म्हणजे तिन्ही महिन्यांत सर्वाधिक होता.

तिसरी गोष्ट तिमाहीच्या आतल्या उताराची. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांतल्या आठ तिमाही मांडून पाहिल्या, तर सहा तिमाहींत पहिला महिना सर्वांत मोठा होता. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत ऑक्टोबर २४३.२०, नोव्हेंबर २०६.०३ आणि डिसेंबर १७६.३० अब्ज असा स्पष्ट उतार होता. २०२४ च्या शेवटच्या तिमाहीतही ऑक्टोबर ३१४.२४ अब्जांवर होता आणि पुढचे दोन्ही महिने त्याच्या बरेच खाली होते. एप्रिल २०२५ चे ३४९.५७, मेचे ३२०.५२ आणि जूनचे २६३.७१ अब्ज याच घडणीत बसतात. हा नियम नव्हे. २०२३ च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत मधला महिना वर होता. पण एवढे निश्चित म्हणता येते की तिमाहीच्या शेवटच्या महिन्याची पहिल्या महिन्याशी तुलना करून घसरणीचा निष्कर्ष काढणारा माणूस वर्षातून अनेकदा विनाकारण घाबरेल.

आता या उत्तरातल्या सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो. टीएसएमसी प्रत्येक तिमाही निकालासोबत पुढच्या तिमाहीचा महसूल अमेरिकी डॉलरमध्ये किती असेल याचा अंदाज देते, ज्याला बाजारात गायडन्स म्हणतात, आणि त्यासोबत विनिमय दर कोणता धरला आहे हेही सांगते. १७ एप्रिल २०२५ रोजी तिने दुसऱ्या तिमाहीसाठी २८.४ ते २९.२ अब्ज अमेरिकी डॉलर असा पल्ला दिला आणि एका अमेरिकी डॉलरला ३२.५ तैवानी डॉलर हा दर धरला. गुणाकार केला की ९२३ ते ९४९ अब्ज तैवानी डॉलर मिळतात. एप्रिल आणि मे यांची बेरीज ६७०.०९ अब्ज झाली होती. म्हणजे मेचा आकडा १० जूनपर्यंत हाती आला, त्याच दिवशी कोणालाही सांगता आले असते की कंपनीच्या अंदाजाप्रमाणे जूनसाठी २५३ ते २७९ अब्ज शिल्लक आहेत. जूनचा आकडा २६३.७१ आला, म्हणजे या पल्ल्याच्या जवळजवळ मधोमध. १७.७ टक्क्यांची ‘घसरण’ महिनाभर आधीच कागदावर लिहिलेली होती.

हिशेब इथेच थांबवला तर तोही अपुरा राहतो, कारण मधल्या काळात चलन बदलले होते. मे २०२५ च्या सुरुवातीला अवघ्या काही दिवसांत तैवानी डॉलर ३२ च्या आसपासच्या दरावरून ३० च्या आसपास वधारला, आणि जूनमध्ये बहुतांश काळ तो ३० च्या खाली होता. टीएसएमसीची जवळपास सगळी विक्री अमेरिकी डॉलरमध्ये होते आणि मासिक महसूल मात्र तैवानी डॉलरमध्ये जाहीर होतो. म्हणून तैवानी डॉलर १ टक्क्याने वधारला की, तेवढाच माल तेवढ्याच किमतीला विकूनही, जाहीर होणारा महसूल १ टक्क्याने कमी दिसतो. त्या तिमाहीचा प्रत्यक्ष सरासरी दर ३१.०५ च्या आसपास पडला. त्या दराने गायडन्सचा पल्ला ८८२ ते ९०७ अब्ज तैवानी डॉलरवर येतो, आणि जूनसाठी २१२ ते २३७ अब्जच शिल्लक राहतात. प्रत्यक्षात आले २६३.७१ अब्ज. पल्ल्याच्या वरच्या टोकापेक्षाही हा आकडा सुमारे ११ टक्क्यांनी अधिक आहे. १७ जुलैला निकाल लागला, तेव्हा तिमाहीचा महसूल ३०.०७ अब्ज अमेरिकी डॉलर निघाला, म्हणजे २९.२ अब्जांच्या वरच्या मर्यादेच्याही पुढे. ज्यांनी १० जुलैला जूनचा आकडा पाहून कंपनी ढेपाळली असे म्हटले, त्यांच्यासमोर त्याच दिवशी याच्या उलट सांगणारी सगळी सामग्री उपलब्ध होती.

चलनाचा हा पडदा किती जाड होता, ते आणखी एका तुलनेने दाखवतो. त्या तिमाहीत आधीच्या तिमाहीपेक्षा झालेली वाढ तैवानी डॉलरमध्ये ११.३ टक्के आहे आणि अमेरिकी डॉलरमध्ये १७.८ टक्के. वर्षभरापूर्वीच्या तिमाहीशी तुलना केली तर ती ३८.६ आणि ४४.४ टक्के आहे. मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी तुलना करणाऱ्यांना एप्रिलमध्ये ४८.१, मेमध्ये ३९.६ आणि जूनमध्ये २६.९ टक्के अशी झपाट्याने मंदावणारी वाढ दिसली. जून २०२४ मधला विनिमय दर ३२.४ च्या जवळ होता, हे लक्षात घेऊन दोन्ही जूनचे आकडे अमेरिकी डॉलरमध्ये बदलले, तर २६.९ ऐवजी अंदाजे ३९ टक्क्यांच्या आसपास वाढ मिळते. मंदावण्याचा मोठा भाग चलनाचा होता. तसेच एप्रिल ते जून ही २४.६ टक्क्यांची घट अमेरिकी डॉलरमध्ये मोजली तर सुमारे १७ टक्क्यांवर येते, आणि उरलेली दरी पाठवणीच्या वेळापत्रकाने सहज समजावता येण्याजोगी आहे.

आपण एआय चिपबद्दल विचारलेत, म्हणून तिमाही निकालात काय दिसले तेही नोंदवतो. एआय चिप ज्या गटात मोडतात त्या उच्च क्षमतेच्या संगणनाचा वाटा २०२४ च्या दुसऱ्या तिमाहीत ५२ टक्के होता, तो २०२५ च्या दुसऱ्या तिमाहीत ६० टक्के झाला. स्मार्टफोनचा वाटा ३३ वरून २७ टक्क्यांवर आला. मागणी ओसरत असती तर हा वाटा वाढला नसता. त्याच वेळी अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धास्तीने ग्राहकांनी माल आधीच उचलला आणि म्हणून एप्रिल फुगला, अशी चर्चाही जोरात होती. टीएसएमसीचे अध्यक्ष सी. सी. वेई यांनी १७ एप्रिलला ग्राहकांच्या वागण्यात बदल दिसलेला नाही असे सांगितले होते. कंपनीच्या शब्दावर डोळे झाकून विसंबावे असे मी म्हणत नाही, पण तीन महिने यंत्रात राहणारा वेफर शुल्काची घोषणा झाल्यावर दोन आठवड्यांत उपजत नाही. फार तर तयार असलेला माल थोडा लवकर हलवता येतो.

मग मासिक घसरण खरी असते तेव्हा ती कशी ओळखावी? याचे चांगले उदाहरण २०२३ चे आहे. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च : २००.०५, १६३.१७, १४५.४१ अब्ज. नुसता आकार पाहिला तर २०२५ च्या दुसऱ्या तिमाहीसारखाच उतार आहे. फरक आजूबाजूच्या गोष्टींत होता. मार्च २०२३ चा महसूल आधीच्या वर्षाच्या मार्चपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी होता. ग्राहकांच्या गोदामांत चिपचे साठे तुंबलेले होते आणि ते उपसायला अपेक्षेपेक्षा अधिक वेळ लागत असल्याचे कंपनी स्वतः सांगत होती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पूर्ण वर्षाचा अंदाज पायरी-पायरीने खाली येत गेला. जुलैपर्यंत तो अमेरिकी डॉलरमध्ये सुमारे १० टक्के घट इथवर आला. वर्षअखेर प्रत्यक्ष घट ८.७ टक्के झाली. तैवानी डॉलरमध्ये मात्र ती केवळ ४.५ टक्के दिसली, कारण त्या वर्षी चलन उलट दिशेने सरकले होते. २०२५ मध्ये ज्या चलनाने चांगली वाढ झाकली, त्यानेच २०२३ मध्ये घसरण सौम्य दाखवली होती. २०२५ मध्ये वार्षिक अंदाजाची दिशा उलटी होती : जानेवारीत पंचवीस टक्क्यांच्या आसपास वाढ सांगितलेली होती, ती जुलैमध्ये सुमारे ३० टक्के करण्यात आली. माझ्या मते मासिक आकड्यापेक्षा या वार्षिक अंदाजाच्या सरकण्याला कितीतरी अधिक वजन द्यावे.

भूकंपाबद्दल एक छोटी नोंद, कारण जानेवारी २०२५ नंतर तोही प्रश्न अनेकांनी विचारला. २१ जानेवारीला दक्षिण तैवानमध्ये ६.४ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि प्रक्रियेत असलेले बरेच वेफर टाकून द्यावे लागले. विमा वजा जाता कंपनीने सुमारे ५.३ अब्ज तैवानी डॉलरचा तोटा धरला आणि तिमाहीचा महसूल आपल्या पल्ल्याच्या खालच्या बाजूला राहील असे सांगितले. अशा घटनेचा परिणाम त्याच महिन्याच्या महसुलात शोधू नये. वाया गेलेले वेफर पुढच्या आठवड्यांत आणि महिन्यांत पाठवले जाणार होते, म्हणून खड्डाही तिथेच पडतो.

जुलैच्या ३२३.१७ अब्जांकडे हीच रीत लावून पाहू. तिसऱ्या तिमाहीसाठी कंपनीने ३१.८ ते ३३.० अब्ज अमेरिकी डॉलरचा पल्ला दिला होता आणि दर २९.० धरला होता, म्हणजे ९२२ ते ९५७ अब्ज तैवानी डॉलर. त्याचा एक-तृतीयांश ३०७ ते ३१९ अब्ज होतो. जुलै त्याच्या थोडा वर होता, एवढाच त्या आकड्याचा अर्थ, २२.५ टक्क्यांच्या उसळीत आनंदाने हुरळून जाण्यासारखे तितकेच थोडे होते, जितके जूनच्या घटीत घाबरण्यासारखे होते. ऑगस्ट ३३५.७७ आणि सप्टेंबर ३३०.९८ अब्ज आले, तिमाहीची बेरीज ९८९.९२ अब्जांवर गेली. पण सरासरी दर २९.० ऐवजी २९.९ च्या जवळ पडल्यामुळे यातला काही भाग पुन्हा चलनाचाच होता. अमेरिकी डॉलरमध्ये तिमाही ३३.१० अब्जांवर, म्हणजे पल्ल्याच्या वरच्या टोकाच्या जरा पुढे संपली. तैवानी डॉलरच्या आकड्यावरून वाटले असते तेवढी ती पुढे नव्हती.

भारतातून गुंतवणूक करणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण बहुधा न्यूयॉर्कमध्ये नोंदलेले एडीआर, म्हणजे परदेशी शेअरच्या बदल्यात अमेरिकी बाजारात विकली जाणारी प्रमाणपत्रे, घेतली असतील. एक एडीआर म्हणजे तैवानमधले पाच शेअर. त्याचा भाव अमेरिकी डॉलरमध्ये, कंपनीचा मासिक महसूल तैवानी डॉलरमध्ये, आणि आपला हिशेब रुपयांत. तेव्हा मासिक आकडा आल्यावर तो प्रथम अमेरिकी डॉलरमध्ये बदलावा, तिमाहीच्या गायडन्समधून आधीचे महिने वजा करून उरलेल्या हिश्शाशी ताडून पाहावा, आणि मगच मत बनवावे. हीच रीत युनायटेड मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स किंवा मीडियाटेक या तैवानच्याच चिप कंपन्यांच्या मासिक आकड्यांनाही लावता येते. गुजरातमधल्या धोलेरा इथल्या चिप कारखान्यासाठी टाटा इलेक्ट्रॉनिक्ससोबत तंत्रज्ञान भागीदार असलेली पॉवरचिप ही कंपनीदेखील तैवानमध्ये सूचीबद्ध असल्याने दरमहा महसूल जाहीर करते, आणि भारतातल्या वाचकांचे लक्ष तिच्या आकड्यांकडे वाढत जाईल असे मला वाटते. मात्र प्रत्येक कंपनी गायडन्स एकाच प्रकारे देत नाही, हे आधी तपासून घ्यावे.

आणि महसूल म्हणजे नफा नव्हे. तैवानी डॉलर १ टक्क्याने वधारला की टीएसएमसीचे ढोबळ नफ्याचे प्रमाण सुमारे ०.४ टक्के-बिंदूंनी घटते, असे कंपनीचे वित्तप्रमुख वेंडेल हुआंग यांनी सांगितले आहे. २०२५ च्या दुसऱ्या तिमाहीत चलन एवढे विरोधात जाऊनही हे प्रमाण ५८.८ वरून ५८.६ टक्क्यांवरच आले. फॅब किती भरलेले होते आणि खर्च किती आवरला गेला, हे या आकड्यातून कळते, आणि तो दर महिन्याच्या १० तारखेला मिळत नाही; त्यासाठी तिमाही निकालापर्यंत थांबावे लागते.